जलाशयाकाठच्या गावाचा कारभार : कोणते काम कोणत्या दारी?



दर अंकात आम्ही या पानावर बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, पाचट कुजविणे, हुमणी यांबद्दल लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. उजनी जलाशयाच्या फुगवट्याकाठी आपले पुष्कळ सभासद राहतात. तिकडच्या गट ऑफिसात आम्ही बसलो की दहातले पाच प्रश्न उसाचे नसतातच. "साहेब, पाणी उतरलंय, त्या जमिनीत लावण केली तर चालंल का?" "नळाला हिरवं पाणी येतंय, सांगायचं कुणाला?" "पोराचा जन्मदाखला निघंना." "घरपट्टी एकदम वाढली, आता काय करायचं?" असे प्रश्न येतात. आमच्याकडे कृषी पदविका आहे, वकिलीची सनद नाही. पण पंधरा-वीस वर्षे याच काठाने मोटारसायकल फिरवल्यामुळे कोणते काम कोणत्या दारी होते, एवढे आम्हाला कळू लागले आहे. तेच आज सांगायचे आहे.

आमच्या खात्याची एक चूक

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी पूर्ण भरली नाही. जानेवारी २०२४ मध्येच साठा उणे झाला आणि काठाची मोठी जमीन उघडी पडली. आमच्या एका सभासदाने त्या उघड्या जमिनीत जानेवारीत दोन एकर सुरू ऊस लावला. आमच्या चिटबॉयने शेजारच्या गट नंबरावर त्याची नोंद घेतली. आम्हीही रजिस्टरवर सही केली, पण जागेवर जाऊन पाहिले नाही. ऊस जोमदार आला, कारण गाळाची जमीन म्हणजे काळे सोनेच. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये धरण भरले. आठ दिवसांत छातीएवढा ऊस पाण्याखाली गेला.

तो गृहस्थ आमच्याकडे आला. आम्ही पंचनाम्यासाठी अर्ज करा म्हटले. तिकडून उत्तर आले की हे संपादित क्षेत्र आहे, येथे पंचनामा होत नाही. सोसायटीचे पीक कर्ज तर डोक्यावर उभेच होते. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुमच्या चिटबॉयनं नोंद केली, आम्हाला वाटलं सरकारमान्यच झालं!"

या वाक्याने आम्ही खजील झालो. कारखान्याची ऊस नोंद म्हणजे कारखाना आणि सभासद यांच्यातला गाळपाचा हिशोब असतो. तिने जमिनीचा हक्क मिळत नाही, पाण्याचा परवाना मिळत नाही. हे आम्ही त्याला लावणीआधी सांगायला हवे होते. तेव्हापासून काठालगतच्या प्रत्येक प्लॉटची नोंद आमच्या खात्याचा माणूस जागेवर जाऊन, उतारा पाहूनच घेतो.

काठ कोणाचा?

धरणासाठी जेवढी जमीन सरकारने घेतली, तिला संपादन रेषा आहे आणि त्या रेषेवर हद्दीचे दगड आहेत. काही दगड नांगरटीत निघाले, काही बांधात गडप झाले, पण कागदावरची रेषा हलत नाही. रेषेच्या आतली जमीन जलसंपदा खात्याची, म्हणजे आपल्या बोलीत पाटबंधाऱ्याची. तिथे पाणी असो वा नसो, मालकी बदलत नाही. "आमच्या आज्याची होती" हे खरेच असते, आणि त्यामागचे दुःख आम्ही घरोघर ऐकले आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावेच्या गावे उठली. आजही पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि म्हातारी माणसे काठावर येऊन बघत बसतात. पण मोबदला दिलेली जमीन कायद्याने सरकारची झाली, हे मान्य करूनच पुढचा हक्क मागावा लागतो.

तो हक्क म्हणजे गाळपेर. पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीन पाटबंधारे खाते एका हंगामापुरती कसायला देते. तिच्यावर पहिला हक्क ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या धरणग्रस्तांचा. त्यांना देऊन उरली तर इतरांचा विचार होतो. त्यासाठी शाखा कार्यालयात अर्ज करावा लागतो. २०१८ च्या दुष्काळात चाऱ्याच्या पिकांसाठी ही जमीन नाममात्र एक रुपया दराने देण्याचा निर्णय शासनाने केला होता, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल.

आता शेतीच्या हिशोबाने पाहा. सुरू उसाला बारा महिने लागतात, पूर्वहंगामीला चौदा-पंधरा आणि आडसालीला सोळा ते अठरा. गाळपेर जमीन माघ-फाल्गुनात उघडी पडते आणि श्रावण-भाद्रपदात पाण्याखाली जाते. सहा महिन्यांच्या जागेत बारा महिन्यांचे पीक बसणार कसे? एखाद्या वर्षी धरण कमी भरले की ऊस निघतो, आणि मग माणसाला चटक लागते. पुढच्याच वर्षी तोच ऊस पाण्यात जातो. म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे : गाळपेरात ऊस लावू नये. साठ-सत्तर दिवसांचा चाऱ्याचा मका, कडवळ, मूग किंवा कलिंगड घ्यावे. ओल असल्याने पाणी कमी लागते. आणि ती जमीन पुढे आपल्याच पिण्याच्या पाण्याखाली जाणार असल्याने तिच्यात रासायनिक औषधे मारू नयेत.

घरांचेही तसेच. संपादन रेषेच्या आत पत्र्याचे शेडसुद्धा बांधू नये. धरणाच्या खाली नदीकाठी जे राहतात त्यांना आणखी दोन रेषा माहीत हव्यात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई आहे. निळी आणि लाल यांच्यामध्ये निर्बंध आहेत. जागा घेण्याआधी या रेषा पाटबंधारे खात्याकडे विचाराव्यात. "एजंट म्हणाला काही होत नाही" हा पुरावा धरता येत नाही.

समोर पाणी, तरी परवाना

दुसरा मोठा गैरसमज पाण्याचा. घरासमोर समुद्रासारखे पाणी दिसते म्हणून मोटर टाकली की झाले, असे वाटते. जलाशयातून उपसा करायचा तर महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ प्रमाणे परवानगी लागते, दर हंगामाचा पाणी अर्ज लागतो आणि पाणीपट्टी भरावी लागते. परवानगी पाटबंधाऱ्याची, वीज जोड महावितरणचा. एक असले की दुसरे आपोआप होत नाही.

पाईप दुसऱ्याच्या रानातून न्यायची वेळ आली तर भांडण करू नये. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४९ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. शेजारी ऐकत नसेल तर तहसीलदार चौकशी करून परवानगी देऊ शकतात. पाईप निदान अर्धा मीटर खोल गाडावी लागते आणि शेजाऱ्याचे नुकसान झाल्यास भरून द्यावे लागते. या एका कलमाची माहिती नसल्यामुळे भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

उन्हाळ्यात पेपरात "उजनी उणे चाळीस टक्के" असे छापून येते. ते कसे मोजतात ते समजून घ्या. धरणात एकंदर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यात सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त साठा आणि सुमारे ६३ टीएमसी मृत साठा. उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के. त्याखाली पाणी असते, पण ते मृत साठ्यातले, म्हणून उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. अशा वेळी पिण्याच्या पाण्याला पहिला मान असतो आणि शेतीपंपांच्या विजेचे तास कमी केले जातात. तेव्हा आडसाली लावणीचे क्षेत्र ठरवताना विहिरीचे आणि ठिबकचे पाणी धरूनच ठरवा. काठावरच्या मोटरच्या भरवशावर सगळे रान उसाखाली घालू नका.

आणि एक सूचना कळकळीची. पाणी मागे सरकते तसतशा मोटरी पुढे न्याव्या लागतात आणि केबल लांबवावी लागते. उघडे जोड चिखलात पडलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. तिथेच पोरे पोहतात, बाया धुणे धुतात, जनावरे पाण्यावर येतात. केबलला जोड असेल तर तो पाण्याबाहेर खांबावर घ्या. स्टार्टरला पेटी आणि अर्थिंग करा. ज्या शेतकऱ्याचा तो जोड, त्याच्याच घरातला माणूस बहुधा त्या पाण्यात उतरतो.

नळाचे पाणी

शेतीचे पाणी पाटबंधाऱ्याकडे, पण नळाचे पाणी ग्रामपंचायतीकडे. हे दोन दरवाजे वेगळे आहेत. जलजीवन मिशन या २०१९ पासूनच्या योजनेत ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरपोच देण्याचे प्रमाण धरले आहे. योजना चालविणे, दुरुस्ती आणि शुद्धीकरण ही कामे ग्रामपंचायत व तिची पाणीपुरवठा समिती यांची.

उजनीच्या पाण्याबद्दल आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. पाणी हिरवे दिसते ते त्यातल्या शेवाळामुळे आणि शेवाळाला पोसणाऱ्या खतद्रव्यांमुळे. शहरांनी आपले सांडपाणी शुद्ध करून सोडावे ही मागणी रास्तच आहे. पण आपल्या उसाला जास्त झालेला युरिया पावसात वाहून त्याच पाण्यात जातो, आणि फवारणीचा पंप आपण त्याच काठावर विसळतो, हेही लपवून चालणार नाही. पंप रानातच विसळा. रिकाम्या बाटल्या पाण्यात टाकू नका.

पाणी शुद्ध आहे की नाही हे गावात बसूनच तपासता येते. टाकीत टीसीएल पावडर घातल्यावर शेवटच्या नळाला क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. त्यासाठी ओटी टेस्ट असते. नळाच्या पाण्यात औषधाचे दोन-चार थेंब टाकले की पाणी पिवळे होते. पिवळे झाले नाही तर क्लोरीन नाही. ही टेस्ट गावाच्या जलसुरक्षकाने करायची आणि वहीत लिहायची असते. ती वही कोणीही नागरिक मागून पाहू शकतो. शिवाय आरोग्य खाते गावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते. लाल म्हणजे धोका जास्त. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे किती सभासदांना माहीत आहे? आम्ही एका गावच्या बैठकीत हे विचारले, तेव्हा चाळीस जणांपैकी एकानेही हात वर केला नाही. मागे बसलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "कारड कसलं का असंना, पोरांना जुलाब होत्यात एवढं खरं." दुसऱ्या दिवशी त्याच आजींनी सुनेला घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन वही मागितली. वहीत आठ दिवस नोंदच नव्हती. त्या दिवसापासून नोंद होऊ लागली. त्यासाठी मोर्चा काढावा लागला नाही.

नोंदी, उतारे आणि घरपट्टी

जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. ती घटना जिथे घडली तिथे होते, राहत्या गावी नव्हे. पहिले बाळंतपण माहेरी झाले असेल तर नोंद माहेरच्या गावी किंवा त्या दवाखान्याच्या हद्दीत शोधावी. आमच्याकडे दाखल्याच्या ज्या तक्रारी येतात त्यांतल्या निम्म्या एवढ्यानेच सुटतात. २१ दिवस उलटले तर विलंब शुल्क, महिन्यानंतर वरिष्ठांची लेखी परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम, अशी अडचण वाढत जाते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे, तेव्हा आळस करू नये. तोडणी टोळ्यांत फडावर मूल जन्मले तर त्याची नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत झाली पाहिजे. टोळी हंगाम संपून निघून गेली की ते मूल कागदावर हरवते. आपल्या रानात टोळी असेल तर सभासदाने एवढे बघावे.

उताऱ्यांचा घोटाळाही नेहमीचा. "आठचा उतारा" म्हटले की दोन कागद निघतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराच्या कर आकारणीचा उतारा. तलाठ्याकडचा ८-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. नमुना ८ वर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे. ती फक्त कराची नोंद आहे. गावठाणातील घरांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक दिले जाते. मोजणीत आपल्या घराची हद्द बरोबर लागली का, हे घरातल्या जाणत्या माणसाने जागेवर उभे राहून पाहावे. पुनर्वसित गावठाणात प्लॉट अजून आजोबांच्या नावावर असतील तर आधी वारसनोंद करून घ्यावी.

जाता जाता धरणग्रस्त कुटुंबांसाठी एक गोष्ट. जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या प्रकल्पग्रस्त दाखल्यावर शासनाच्या गट क व गट ड च्या नोकऱ्यांत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. हा दाखला कुटुंबातील एकाच व्यक्तीच्या नावाने निघतो. तेव्हा कोणाच्या नावाने काढायचा हे सर्वांनी बसून ठरवावे. दाखला ट्रंकेत पडून वय निघून गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

घरपट्टी आता घराच्या भांडवली मूल्यावर आकारतात आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. आकारणी चुकीची वाटली, उदाहरणार्थ पत्र्याचे घर स्लॅबचे धरले, तर मुदतीत लेखी हरकत द्यावी. तरीही समाधान झाले नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते. पण अपील केले म्हणून पट्टी थकवू नये. मागणीनंतर तीन महिन्यांत कर न भरणारा पंच सदस्यपदाला अपात्र ठरतो, असा कायदा आहे. आणि पट्टी थकली की दिवाबत्ती, गटार आणि टीसीएल पावडरीला पैसा कोठून यायचा?

होडीचा प्रवास

२१ मे २०२४, मंगळवार. संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळात बुडाली आणि सहा जणांचा जीव गेला. ही गोष्ट काठावरच्या कोणालाही सांगायला नको. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण ते दुसऱ्या जिल्ह्यात. सडकेने जायचे तर लांबचा वळसा. त्यामुळे लग्न, दवाखाना, बाजार, मजुरी यांसाठी माणसे होडीत बसणारच.

यांत्रिक होड्यांसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे नोंदणी, तपासणी, चालकाचे प्रमाणपत्र आणि विमा लागतो. आपल्या राज्यात हे काम सागरी मंडळ पाहते. साध्या वल्ह्याच्या होड्यांची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची सोय त्या कायद्यात आहे. पण कायदा मुंबईत आणि होडी गावच्या धक्क्यावर! म्हणून गावाने स्वतः काही ठरवले पाहिजे. होडीवर किती माणसे बसणार तो आकडा रंगाने मोठा लिहावा. जेवढी माणसे तेवढी जीवरक्षक जाकिटे असावीत, आणि ती अंगात घालावीत, बुडाखाली नव्हे. वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर आभाळ भरून येते, तेव्हा होडी सोडू नये. तिन्हीसांजेनंतर तर नाहीच. हे ठराव ग्रामसभेत करून धक्क्यावर फलक लावावा. आमच्या खात्यातील मंडळींना आम्ही सांगून ठेवले आहे की तोडणी टोळीची माणसे, विशेषतः लेकरेबाळे, अशा होडीने पलीकडे नेऊ नयेत. दोन तास उशीर झाला तरी चालेल. सभासदांनीही मुकादमाला घाई करू नये.

ग्रामसभा : सर्वांचे दार

वर दोन-तीनदा ग्रामसभेचे नाव आले. ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे (१९५८ चा) आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. रिवाजाने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरला होतात. सात दिवस आधी सूचना द्यावी लागते. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी तेवढी हजेरी लागते. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते.

प्रत्यक्षात काय होते? झेंडावंदन होते, जिलेबी वाटली जाते, वहीवर सह्या होतात आणि मंडळी ऊस भरणीला निघून जातात. मग वर्षभर पारावर कुरकुर. ज्याला तक्रार आहे त्याने सभेत उभे राहून ती मांडावी, इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावी आणि ठरावाची नक्कल मागावी. काठावरच्या गावाने निदान चार विषय दरवर्षी घ्यावेत : टीसीएल व ओटी टेस्टची वही, पाण्याच्या कार्डाचा रंग, होडी व धक्का, आणि काठावरच्या विजेच्या केबली. पाटबंधारे खात्याकडे गाळपेरीची मागणी एकट्या माणसाच्या अर्जाने जेवढी ऐकली जाते त्यापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाने जास्त ऐकली जाते.

आमचे काही सभासद इंदापूर, करमाळ्यासारख्या नगरपरिषदेच्या गावी राहतात. तिथे ग्रामपंचायत नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे कारभार चालतो आणि दाखले, घरपट्टी, बांधकाम परवानगी यांसाठी मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावे लागते. गाळपेर आणि उपसा यांचे दार मात्र तेच, पाटबंधाऱ्याचे.

अर्ज, पोच आणि मुदत

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. आपल्या लोकांना तोंडी सांगायची सवय. "भाऊसाहेबांना तीनदा सांगितलं" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. तीनदा सांगितलेल्याला कोणताही कागद साक्षी नसतो. आमच्या कारखान्यातही तोंडी तक्रार हवेत जाते आणि लेखी तक्रार चेअरमनसाहेबांच्या टेबलावर जाते, हे आम्ही आमच्याच घरचे उदाहरण म्हणून सांगतो. तेव्हा अर्ज दोन प्रतींत लिहावा. एक द्यावी, दुसरीवर सही-शिक्का व तारीख घ्यावी.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. कोणता दाखला किती दिवसांत, कोण देणार, अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. मुदत टळली किंवा नकार मिळाला तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी आयोगाकडे. कसूर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कागद पाहायचा असेल तर माहिती अधिकाराचा, २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत.

पदांची नावे बदलली आहेत, त्यामुळे गोंधळून जाऊ नका. २०२४ मधील निर्णयाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एक होऊन "ग्रामपंचायत अधिकारी" झाले, आणि तलाठ्याला "ग्राम महसूल अधिकारी" म्हणतात. अर्जावर नवे नाव घालावे. तोंडाने भाऊसाहेब म्हटले तरी हरकत नाही.

थोडक्यात, काठ व उपसा पाटबंधाऱ्याकडे, नळ, जन्मनोंद व घरपट्टी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे, शेतीचा उतारा महसूलकडे आणि सर्वांचा जाब ग्रामसभेत. हे पान कापून घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडे द्यावे आणि ज्या कामात आपण अडलो आहोत त्याचा पहिला अर्ज याच आठवड्यात लिहावा.

वर ज्या सभासदाचा ऊस पाण्यात गेला, त्याने या वर्षी गाळपेरीचा रीतसर अर्ज केला. त्याच जमिनीत आता कडवळ उभे आहे, आणि ऊस वरच्या रानात ठिबकवर आहे. परवा गट ऑफिसात आला तेव्हा त्याने अर्जाची पोच प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून आम्हाला दाखवली. आम्हीही या वेळी जागेवर जाऊन पाहिले, मगच रजिस्टरवर सही केली.

आपल्या शंका गट ऑफिसात लेखी द्याव्यात. आमच्या खात्याच्या आवाक्यातल्या असतील त्यांची उत्तरे पुढील अंकात देऊ. बाकीच्यांचे योग्य दार नक्की दाखवू.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी
(शेतकी खाते)